‘टुडे’ शोच्या बाहेरच्या गर्दीत आईला न्यायचंय, कुणी गेलंय का?

सातारकर_एडिसन

नमस्कार मंडळी. आई-बाबा ऑगस्टपासून आमच्याकडे न्यू जर्सीत एडिसनला आलेत. आल्यापासून आईला एक नाद लागलाय. सकाळचा चहा घेऊन एनबीसी चॅनलवर ‘टुडे’ हा न्यूयॉर्कहून होणारा सकाळचा कार्यक्रम बघत बसते. इंग्रजी अर्धंमुर्धंच कळतं, पण हवामान सांगणारे अल रोकर तिचे खास. ‘हवामानवाले भाऊ’ म्हणते त्यांना, वयही साधारण तिच्याएवढंच. ते बाहेर येऊन लोकांशी बोलतात हे बघितल्यापासून एकच चालू आहे, ‘तिथं आपल्याला उभं राहू देतात का रे?’

ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात तिला सत्तर पूर्ण होतात. कामाचाच वार आहे, मी रजा टाकतो. तिकीट काढावं लागतं का? कितीला पोचायचं? बाबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, तासभर उभे राहतील, पुढे कुरकुर सुरू. गाडी नेऊ का? आणि पाटी धरायची म्हणतेय, तीही मराठीत. साताऱ्याला मामा-मावशी टीव्हीपुढे बसायच्या तयारीत आहेत, त्यांना दिसेल का?

बोरीबंदर

त्यापेक्षा टाइम्स स्क्वेअरला न्या. दुसऱ्या चॅनलवरच्या ‘गुड मॉर्निंग अमेरिका’ या सकाळच्या कार्यक्रमाचा स्टुडिओ तिथेच, ब्रॉडवे आणि ४४वा रस्ता. काचेतून सगळं दिसतं आणि टाइम्स स्क्वेअरही बघून होतं.

माई_मिडटाउन

बोरीबंदर, ते आता तिथे नाहीत हो. १९९९ पासून होते, २०२५ मध्ये खाली हडसन स्क्वेअरला गेले. यूट्यूबवरचे जुने व्हिडिओ बघून लोक अजून ४४व्या रस्त्यावर जाऊन उभे राहत असतील.

सातारकर, माझं ऑफिस ४८व्या रस्त्यावर. ‘टुडे’ची गर्दी माझ्या रोजच्या वाटेत आहे, शिवाय भारतातून येणारा प्रत्येक पाहुणा मला तिथेच न्यायला लावतो. तेव्हा सविस्तर सांगते.

तिकीट नाही, पैसे नाहीत. रॉकफेलर प्लाझा आणि ४९वा रस्ता यांचा कोपरा, तिथे स्टुडिओ १ए. कठडे लावलेले असतात, पिशव्या तपासून आत सोडतात. मोठी बॅग घेऊन येऊ नका. वार निवडताना मात्र गाण्याचा कार्यक्रम असलेला दिवस टाळा. उन्हाळ्यात बहुतेक शुक्रवारी असतो, एरवीही एखादा मोठा गायक येतो. त्या दिवशी पोरं रात्रीपासून रांगेत असतात. सत्तरीच्या बाईला त्या चेंगराचेंगरीत हवामानवाले भाऊ दिसायचेच नाहीत. साधा मंगळवार-बुधवार उत्तम.

कार्यक्रम सातला सुरू. पहिला तास बराचसा बातम्यांचा, मंडळी आतच बसलेली असतात. अर्ध्या तासाला हवामान येतं तेव्हा रोकर बाहेर येतात. आठनंतर जरा मोकळंढाकळं होतं, साडेआठच्या सुमाराला बाकीचेही बाहेर डोकावतात. आणि त्याच वेळेला ऑफिसवाले, शाळेची सहल, ज्यांचा फोटो काढून झाला ते, सगळे पांगायला लागतात. पहाटे पाचला येऊन कठडा धरायचा सल्ला लोक देतात. मला तो पटत नाही, निदान तुमच्या बाबांसाठी तरी नाही. सव्वासातपर्यंत या, मागे उभे राहा, आठनंतर पुढे सरका. नऊवारी नेसलेली आजी आणि हातात वाढदिवसाची पाटी असेल तर लोक स्वतःहून जागा देतात, मी पाहिलंय.

आता कॅमेऱ्याची एक गंमत. रोकर देशाचं हवामान सांगून शेवटी म्हणतात, आता तुमच्या भागात काय आहे ते बघू. त्या क्षणी गर्दी बेभान होऊन हात हलवते. पण नेमकं तेव्हाच प्रत्येक गावचं चॅनल आपापलं स्थानिक हवामान दाखवायला लागतं! आपल्याकडे चॅनल ४ वर तेव्हा न्यू जर्सीतला पाऊस चालू असतो आणि इकडे लोक ओरडून घसा बसवतात. दिसायचं असेल तर त्याच्या आधी किंवा ते परत आल्यावर. म्हणून आईंना सांगा, ते चालत कठड्याजवळ येतील तेव्हा पाटी वर करायची, बाकी वेळ हात दुखवायचे नाहीत.

पाटीचं म्हणाल तर मराठीत जरूर लिहा, पण ‘७०’ आणि ‘सातारा, इंडिया’ इंग्रजीत ठळक असू द्या, म्हणजे रोकरना विचारायला काहीतरी मिळेल. काठी लावू नका, नुसता पुठ्ठा. पाऊस असेल तर छत्रीऐवजी रेनकोट, छत्री उघडली की मागचे वैतागतात आणि कॅमेऱ्यालाही आडवी येते. पाट्या धरायची पद्धत तशी जुनी. १४ जानेवारी १९५२ ला पहिले सूत्रसंचालक डेव्ह गॅरोवेंनी कार्यक्रम सुरू केला तोच ४९व्या रस्त्यावरच्या काचेमागून, आणि रस्त्यावरचे लोक तेव्हाही काचेला नाक लावून घरच्यांना दिसायची धडपड करायचे. पुढे बरीच वर्षं आतल्या स्टुडिओत गेले आणि १९९४ मध्ये परत रस्त्यावर आले.

गाडी आणू नका. एडिसनहून ट्रेनने पेन स्टेशन, साधारण तासभर. तिथून हेराल्ड स्क्वेअरपर्यंत चाला आणि डी किंवा एफ सबवे धरा, दुसरं स्टेशन रॉकफेलर सेंटर. दोन्हीकडे लिफ्ट आहे, बाबांना जिने नकोत. एकाच कार्डाने तिघांचं टॅप होतं. बाथरूम पेन स्टेशनवरच उरकून घ्या, गर्दीतून बाहेर पडलात तर परत पुढची जागा विसरा. बसायला तिथे काही नाही. बाबा थकले तर चॅनल गार्डन्समध्ये टेकतील, दोन मिनिटांवर आहे.

आणि स्वेटर! सातला जेमतेम उजाडलेलं असतं, उंच इमारतींच्या मधून वारा येतो. आईंना नऊवारीच्या आतून थर्मल घालायला लावा.

पुणेरी_इन_न्यूयॉर्क

दोन सेकंद दिसण्यासाठी एवढा खटाटोप? त्या वेळात मेट म्युझियम बघून होतं.

माई_मिडटाउन

मेट दहाला उघडतं, फक्त बुधवारी बंद असतं. ‘टुडे’ बघून, नाश्ता करून आरामात जाता येतं.

सनीवेलची_शैला

साताऱ्याच्या लोकांबद्दल. एनबीसी तिकडे केबलवर लागत नाही. तुमच्या सौभाग्यवतींनी घरी टीव्हीसमोर फोन धरून व्हिडिओ कॉल लावावा, आम्ही सासूबाईंच्या वेळी तेच केलं. न्यूयॉर्कला सकाळचे सात तेव्हा तिकडे दुपारचे साडेचार. नोव्हेंबरात इथली घड्याळं मागे गेली की साडेपाच होतात, पण तुमचं ऑक्टोबरातच आहे.

आणखी एक. तुम्ही दिसलात तर नेमकी वेळ टिपून ठेवा. आम्हा कॅलिफोर्नियावाल्यांना तोच कार्यक्रम तीन तासांनी, आमच्या सातला दाखवतात. म्हणजे तुम्ही ७:३४ ला दिसलात तर इथल्या ७:३४ ला आम्हालाही दिसाल, मध्येच मोठी बातमी येऊन फेरफार झाला नाही तर. सासूबाईंनी न्यूयॉर्कहून फोन करून इथल्या अख्ख्या भिशीला टीव्हीपुढे बसवलं होतं. तेव्हा फोन करा, आम्ही बघू.

सातारकर_एडिसन

माई, शैलाताई, मनापासून धन्यवाद. स्थानिक हवामानाचं आईला वाचून दाखवलं, तर म्हणाली, ‘म्हणजे मी रोज बघते तेव्हा ते लोक उगीच ओरडत असतात होय!’ बुधवार ठरलाय. केक नेला तर चालेल का? कापायचा नाही, नुसता हातात.

माई_मिडटाउन

नको. केकसारखं काही तपासणीत अडकू शकतं, आणि एका हातात केक, एका हातात पाटी, मग हवामानवाले भाऊ आले तर हात कुठला पुढे करणार? केक घरी. तिळाचे लाडू पर्समध्ये असू देत बाबांसाठी.

सातारकर_एडिसन

बरं. बाबा म्हणतायत मी येतो, स्वेटर घालतो, पण पाटी धरणार नाही. आणि तुझ्या आईने धरली की मी तिच्याबरोबरचा नाही.