विषय: बाबांचे ब्लॉक – गुरुवारच्या कोकणकन्येने कोण जातंय?

शैला (फोंडा):
मंडळी, बाबांच्या मूत्राशयातल्या कर्करोगाच्या गाठीच्या बायोप्सीचे ब्लॉक (तपासणीसाठी काढलेले तुकडे) आणि स्लाइड लॅबकडून मिळाल्या. परळला टाटामध्ये सोमवारी दाखवायचंय, त्याआधी ब्लॉक तिथं पोचले तर बरं. सुट्टीवर आलेलं कुणी मुंबईला जात असेल तर आजच कळवा. कुरियरवर माझा जीव बसत नाही.

नाना (मस्कत):
शैला, कुरियर नकोच. पण मुंबई कशाला? गाठ स्नायूत शिरली म्हणजे मूत्राशयाची पिशवीच काढायची, काम गोमेकॉत (बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजात) होईल. माझ्या डिचोलीच्या मेहुण्याची काढली. पोटावर लघवीची पिशवी लावून शिगम्याला रोमटामेळात चालतो. शेक (रेडिएशन) घेत बसून वेळ घालवू नका.

माई (मस्कत):
नाना, मेहुण्यांचं ऐकून बरं वाटलं, पण मंडळाच्या समितीने वैद्यकीय चौकशीचं काम माझ्याकडे दिलं आहे. अशा वेळी "काढाच" असं मंडळाच्या मेल-यादीवर लिहू नये.

पिशवी राखायची म्हणजे नुसता शेक नव्हे. आधी दुर्बिणीतून गाठ जमेल तितकी खरवडून काढतात, मग रेडिएशन आणि त्यासोबत केमो. २०२३ साली 'लॅन्सेट ऑन्कॉलॉजी'त अमेरिका-कॅनडातल्या ७२२ रुग्णांच्या नोंदींची तुलना आली. आजार इतरत्र न पसरता पाच वर्षं काढणाऱ्यांचं प्रमाण, पिशवी काढा वा राखा, दोन्ही वाटांनी ७५ टक्क्यांच्या आसपास. मात्र हे रुग्ण निवडलेले होते: एकच गाठ, ती सात सेंटिमीटरपेक्षा लहान, मूत्रपिंड फुगलं असलंच तर एकच, दोन्ही नव्हे, पिशवीच्या अस्तरात कर्करोग फारसा पसरलेला नाही. शिवाय चिठ्ठ्या टाकून केलेली वाटणी नव्हती. पिशवी राखलेल्यांपैकी सुमारे १३ टक्क्यांची ती पुढे काढावी लागलीच.

म्हणून शैला, ब्लॉक पुन्हा बघून घेणं महत्त्वाचं आहे. अस्तराचं काय ते त्यातूनच कळेल. परळला सर्जन आणि रेडिएशनचे डॉक्टर दोघांनाही भेट. एकाचंच ऐकून परत येऊ नकोस.

नाना:
समितीचा मान राखतो. पण पंचाहत्तरीच्या माणसाला दर तीन महिन्यांनी दुर्बीण घालायची? मेहुण्याला ती कटकट नाही.

शैला:
नाना, दुर्बीण बाबांना चालेल, बांबोळी घरापासून जवळ आहे. त्यांना भीती आहे ती पोटावरच्या पिशवीची. क्रिएटिनिनही (मूत्रपिंडाचं काम दाखवणारा रक्तातला आकडा) थोडं वाढलंय, त्यामुळे ऑपरेशनआधीची सिस्प्लॅटिन ही केमो झेपेल का, तोही प्रश्न आहे. मेहुण्यांचा नंबर मला वेगळा पाठवाल का? पिशवी लावून आंघोळ, झोप, प्रवास कसा होतो हे बाबांनी त्यांच्याच तोंडून ऐकावं. काढायची ठरली तर उपयोगी पडेल.

नाना:
पाठवला. रात्री आठनंतर कर, त्याआधी भजनाला असतो. तो मोकळेपणाने सांगेल, बाबांनी लाजू नये.

भाऊ (म्हापसा):
मी जातोय गुरुवारी, थिवीहून.

माई:
भाऊ, ब्लॉक मेणात बसवलेले असतात. गाडीत डॅशबोर्डवर उन्हात ठेवू नका. रिपोर्टची मूळ प्रत सोबत द्या आणि पोच घ्या.

शैला:
भाऊ, बुधवारी संध्याकाळी म्हापशाला तुमच्या घरी आणून देते. माई, सर्जन आणि रेडिएशनवाले एकाच दिवशी भेटतील का, तेवढं विचारून ठेवाल?