प्रति: शोग्रेन आणि डोळ्यांचा कोरडेपणा

ताई, शोग्रेनमुळे (शरीराची प्रतिकारशक्तीच अश्रू आणि लाळेच्या ग्रंथींवर हल्ला करते तो आजार) डोळे कोरडे पडतात आणि तासातासाला कृत्रिम अश्रूंचे ड्रॉप्स घालूनही वाळू गेल्यासारखं खुपतं म्हणताय, तर आधी बाटलीवर बेन्झाल्कोनियम क्लोराइड लिहिलंय का बघा. हे प्रिझर्व्हेटिव्ह सारखं डोळ्यात गेलं तर उलट त्रासच वाढवतं. दिवसातून ४ पेक्षा जास्त वेळा घालायचे तर प्रिझर्व्हेटिव्ह नसलेलेच घ्या. महाग पडतात, पण इथे काटकसर नको. रात्री झोपताना डोळ्यात घालायचं ओलावा देणारं जेल.

माझ्या आईला खरा आराम पडला तो पंक्टल प्लगने. अश्रू नाकाकडे वाहून नेणाऱ्या छिद्राला बारीकसं बूच, ओपीडीतच बसवतात. डोळ्यांना सूज असेल तर डॉक्टर आधी ती आटोक्यात आणतात.

डॉक्टरांनी सायक्लोस्पोरिनचे (डोळ्यांतली सूज कमी करणाऱ्या औषधाचे) ड्रॉप्स दिले तर सुरुवातीला चुरचुरतं, गुण यायला काही महिनेही लागतात. आठवड्यात कंटाळून सोडू नका. आणि हो, पंखा तोंडावर नको!