मदत हवी आहे: मातीखाली गेलेला जुना बोअर मॅग्नेटिक लोकेटरने कसा शोधायचा?

नमस्कार मंडळी,

पारनेर तालुक्यात आमचं शेत आहे. १९९४ साली वडिलांनी तिथे साडेसहा इंची बोअर घेतला होता, लोखंडी केसिंगचा, म्हणजे आत बसवलेल्या पाइपचा. पाणी आटल्यावर मोटार काढली आणि केसिंगच्या तोंडावर पत्रा टाकून वर दगड ठेवला. पुढे रान सपाट करताना जेसीबीने त्यावर दोन-अडीच फूट गाळ ओढला. खुणेची बाभळही गेली. वडिलांना आता जागा आठवत नाही. दहा गुंठ्यांत कुठेतरी आहे, एवढंच.

मला तो सापडायलाच हवा. पत्रा गंजून माती खचली तर बैलाचा नाही तर पोराचा पाय आत जाईल, ही धास्ती डोक्यातून जात नाही. शिवाय त्यात पाणी सोडून भूजल पुनर्भरण करायचा विचार आहे.

साधा मेटल डिटेक्टर फिरवून पाहिला. खिळे, तारांचे तुकडे, गुटख्याच्या पुड्या, सगळ्यावर वाजतो. आता एका ओळखीच्यांकडून दोन दिवसांसाठी मॅग्नेटिक लोकेटर मिळतोय. तो फक्त लोखंडाला दाद देतो, हे कळलं. पण आमच्याकडचा काळा दगडही चुंबकाला ओढतो ना? मोबाईलच्या होकायंत्रात एरवी ४२ मायक्रोटेस्लाच्या आसपास दिसतं, ते मोठ्या धोंड्याजवळ नेलं की हलतं. मग दगड कुठला आणि केसिंग कुठलं, हे ओळखायचं कसं?

प्रतिसाद:

शंका रास्त आहे. आपल्या काळ्या दगडात, म्हणजे बेसाल्टमध्ये, मॅग्नेटाइट हे चुंबकीय खनिज असतं, त्यामुळे खोटे आवाज येणारच. सेन्सिटिव्हिटी सुरुवातीला कमी ठेवा. सुतळी बांधून मीटर-मीटरचे पट्टे पाडा आणि लोकेटरची काठी उभी धरून सावकाश चाला. मोबाईल, किल्ल्या, कोयता बांधावर ठेवा. ट्रॅक्टर आणि तारेचं कुंपण लांबच बरं.

अमेरिकेतले व्हिडिओ पाहून फसू नका. तिथे पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र जमिनीत बरंच खडं उतरतं, आपल्याकडे मात्र साधारण पंचवीसेक अंशांनीच कललेलं असतं. त्यामुळे उभा पाइप इथे तितक्या जोरात ओरडेलच असं नाही. पट्टे जवळ-जवळ घ्या.

आवाज आला की काठी सरळ वर उचला. खिळा असेल तर वीतभर उचलताच गप्प होतो. वीसेक फूट केसिंग असेल तर गुडघ्यापर्यंत, कधी कमरेपर्यंत आवाज टिकतो. मग त्याच जागेवर उत्तर-दक्षिण आणि पूर्व-पश्चिम असं आडवं-उभं चाला. दोन्ही वेळा एकाच ठिकाणी आवाज सर्वात मोठा आला तर खुंटी ठोका. सुटा धोंडा वाटला तर पहारीने हलवून पुन्हा ऐका.

आणि तिथे जेसीबी लावू नका, फावड्यानेच उकरा. खाली पोकळी असू शकते, कमरेला दोर बांधून दुसरा माणूस सोबत ठेवा.

धागाकर्ता:

मनापासून आभार. काठी उचलून बघायचं कुणीच सांगितलं नव्हतं. एक राहिलं: पाऊस पडून गेल्यावर ओल्या रानात फिरवलं तर चालेल का?

प्रतिसाद:

चालेल. ओलीने चुंबकीय खुणेत फरक पडत नाही, उलट उकरायला सोपं जाईल. फक्त खचलेला भाग दिसला तर त्यावर पाय देऊ नका.