लिंबू कोणाचं होतं? (कोजागिरीनंतर सोसायटीच्या ग्रुपवर)

नाना (ए-५०२): सर्वांना नमस्कार. कोजागिरीचा कार्यक्रम छान झाला, कमिटीचे आभार. पण ‘आयत्या वेळची जादू’ स्पर्धेचा निकाल मला पटलेला नाही. फलकावर नियम होता: वस्तू प्रेक्षकांकडून मागून घ्यायच्या, घरून काही आणायचं नाही. पहिलं बक्षीस गेलं ५०० ची नोट लिंबातून काढणाऱ्याला. नोट मंजूवहिनींची, मान्य. लिंबू कोणाचं होतं?

सेक्रेटरी (बी-१०१): नाना, निकाल परीक्षकांचा आहे. कमिटीचा त्यात हात नाही.

मंजूवहिनी (सी-२०३): नोट माझीच होती. नंबर मी सगळ्यांसमोर वाचला, कोपऱ्यावर सही केली. तीच नोट लिंबातून निघाली. अजून चिकट आहे, हवं तर येऊन बघा.

सावंत काका (बी-४०३): वहिनी, नोटेवर लिहू नका असं रिझर्व्ह बँक कधीपासून सांगतेय.

मंजूवहिनी (सी-२०३): काका, विषय तो नाही.

नाना (ए-५०२): वहिनी, तुमच्या नोटेवर शंका नाहीच. लिंबू कोणाचं होतं?

ओंकार (सी-३०४): नाना, लिंबं मी आणली होती. लपवलं नाही. ताटलीत तीन ठेवली होती, त्यातलं एक वहिनींनीच निवडलं.

नाना (ए-५०२): तीनही तूच आणलीस ना बाळा.

दिलीप (सी-१०२): स्पष्ट बोलतो, राग मानू नका. नानांना उत्तेजनार्थ मिळालं म्हणून हे चाललंय. सी विंगला काही मिळालं की ए विंगच्या पोटात दुखतं. गणपतीत रांगोळीला हेच झालं.

शुभांगी (ए-३०१): रांगोळीचा विषय परत काढू नका. ज्यांना माहीत आहे त्यांना माहीत आहे.

दिलीप (सी-१०२): मी कोणाचं नाव घेतलं का?

सेक्रेटरी (बी-१०१): कृपया 🙏

नाना (ए-५०२): दिलीप, बक्षीस ओंकारकडेच राहू दे, मला ते नको. त्याच्या हातालाही मी नावं ठेवत नाही. पहिल्या रांगेत बसून मला नोट कधी गेली ते दिसलं नाही, हे मी त्याला तिथेच सांगितलं. पण मागून घेतलेल्या वस्तूची जादू आणि आयत्या वेळची जादू ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि निकालाने त्या एक केल्या. माझ्या लेखी आयत्या वेळची म्हणजे अशी: मला आत्ता जिन्यात अडवा, खिशात असेल ते माझ्या हातात द्या, आणि मला करता आली पाहिजे. झाल्यावर तुमच्या वस्तू तुमच्याकडे, आणि माझी झडती घेतलीत तरी काही सापडता कामा नये.

पिंट्या (बी-२०२): माझा मेंटेनन्स कोणी आयत्या वेळी गायब करेल का? 😄

खजिनदार (ए-१०४): दोन महिने तू स्वतःच गायब केला आहेस. रविवारपर्यंत भर.

मीनाक्षी काकू (सी-४०१): जादूचं निघालंच आहे तर, गच्चीवर दुधासाठी दिलेले माझे काचेचे पेले परत आलेले नाहीत. निळ्या काठाचे आहेत.

ओंकार (सी-३०४): नाना, मनापासून विचारतो. थम टिप (अंगठ्यावर चढवायचं पोकळ नकली टोपण) माझ्या खिशात कायम असते, ऑफिसलासुद्धा. जिन्यात अडवलंत तर तुमचा हातरुमाल मागून तिथल्या तिथे गायब करून दाखवीन. मग ती आयत्या वेळची का नाही?

नाना (ए-५०२): कारण झडतीत टोपण सापडेल. सदैव तयार असणं हा गुण आहेच, पण लोकांसमोर आपण ‘माझ्याकडे काही नाही’ असा आव आणतो. मॅक्स मॅलिनी नावाचा जादूगार होता (१८७३ ते १९४२). लोकांच्याच वस्तूंवर जादू करण्यात त्याचा हात धरणारा क्वचितच कोणी असेल. जेवणाच्या टेबलावर बसल्या बसल्या पाहुण्याची टोपी मागायचा, आणि ती उचलली की खाली बर्फाचा मोठा तुकडा! टोपी पाहुण्याची, पण बर्फ त्याने जवळ बाळगलेला. उत्कृष्ट जादू, मी तिला हात जोडतो. पण ती तयारीची जादू. तुझं लिंबू त्याच जातीचं.

रेवती (सी-२०३): नाना, मी मंजूची मुलगी. पण नाणं तळव्यात लपवायचा सराव तुम्ही कॉलेजपासून करताय. ती तयारी नाही का?

नाना (ए-५०२): चांगला प्रश्न आहे बेटा. हाताची तयारी चालते, वस्तूची नाही. गवई रियाज करून बैठकीला बसतो म्हणून त्याची आलापी शिळी होत नाही. पण त्याने आतून रेकॉर्ड लावून नुसते ओठ हलवले, तर तुम्ही उठून जाल ना?

सावंत काका (बी-४०३): अजून एक फसवी जात सांगतो. १ आणि २ रुपयांची स्टीलची नाणी चुंबकाला चिकटतात, घरी करून बघा. जादूगाराच्या बोटात चुंबकाची अंगठी असली तर तुमचं नाणंही त्याचंच ऐकतं.

डॉ. वसुधाताई (बी-५०१): मला हा वाद अजिबात क्षुल्लक वाटत नाही. मी अंनिसच्या शिबिरांत चमत्कार सादरीकरण करते. गावात भोंदू बाबा काय करतो? लिंबू घरच्या माणसांकडूनच मागतो. सगळ्यांसमोर कापतो, आणि आतून लाल रस. बाई घाबरते, कारण लिंबू तिच्याच परड्यातलं. पण सुरी बाबाची असते, आणि पात्याला आधीच मिथिल ऑरेंज लावलेलं. आम्लात ते लाल होतं, बस्स. २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा झाला तरी लोक विचारतात, ‘पण लिंबू तर आमचंच होतं ना?’ म्हणून मी मुलांना शिकवते, बाबाने मागितलेली वस्तू सोडून बाकी सगळं कोणाचं ते बघा.

नाना (ए-५०२): ताई, नेमकं हेच मी परवापासून विचारतोय. लिंबू कोणाचं होतं?

दिलीप (सी-१०२): आता ओंकारला भोंदू बाबा ठरवणार का? कमाल आहे.

डॉ. वसुधाताई (बी-५०१): दिलीपजी, मी असं कुठेही म्हटलेलं नाही. ओंकारने जादू म्हणून जादू केली, हा प्रामाणिकपणाच आहे. कृपया माझं पूर्ण वाचा.

मंजूवहिनी (सी-२०३): दिलीपभाऊ, आमची बाजू घ्यायची म्हणून भांडू नका. मलाच आता नानांचं पटायला लागलंय.

अरुण (ए-२०३): मग जादूगार रघुवीरांचे नाही तर पी. सी. सरकारांचे प्रयोगही कमी प्रतीचे म्हणायचे का? रंगमंचावर सामान लागणारच.

नाना (ए-५०२): मुळीच नाही. रंगमंचावर कोणी आयत्या वेळचा दावा करत नाही. प्रत कमी-जास्त नाही, जात वेगळी.

मीनाक्षी काकू (सी-४०१): निळ्या काठाचे चार पेले. कोणाकडे चुकून गेले असतील तर प्लीज.

शुभांगी (ए-३०१): नानांनी माझ्या अंगठीची जादू केली ती मी सांगते. मेथीच्या जुडीचं रबर मीच स्वयंपाकघरातून आणून दिलं, ते त्यांनी तोडलं. अंगठी त्यात ओवली, एक हात वर, एक खाली. अंगठी खाली घरंगळायला हवी, तर ती सावकाश वर चढायला लागली. मी अगदी नाकाशी नेऊन पाहत होते. लगेच रबर आणि अंगठी माझ्या हातात. रबर ताणून पाहिलं, काही नाही. मागे टाळ्या कमी पडल्या, कारण चौथ्या रांगेच्या मागे ते दिसतच नव्हतं.

ओंकार (सी-३०४): हे खरंय. मी बाजूला उभा होतो, मला ती माझ्यापेक्षा भारी वाटली. नाना, पेपरात गुंडाळलेला स्टीलचा पेला टेबलातून खाली काढतात, ती तुमच्या व्याख्येत बसते का? पेला, पेपर सगळं लोकांचं.

नाना (ए-५०२): अर्धी बसते. वस्तू सगळ्या तुमच्या, पण मला टेबलाशी बसावं लागतं, आणि तुम्हाला समोर बसवावं लागतं. जिन्यात उभ्याने जमणार नाही. आयत्या वेळची आहे, कुठेही करण्याजोगी नाही. तुला शिकायची आहे का?

ओंकार (सी-३०४): हो. आणि रबराचीही.

नाना (ए-५०२): रबराचं मी सांगणार नाही, बघून ओळख. रविवारी ११ ला क्लब हाऊस. पेपर, पेला तू आण.

सेक्रेटरी (बी-१०१): क्लब हाऊसची रीतसर नोंद करा. रविवारी १२ पासून टाकी सफाईवाल्यांचं सामान तिथे ठेवायचं आहे.

रेवती (सी-२०३): मी पण येते. मला नाणं.

दिलीप (सी-१०२): पुढच्या वर्षी नियम आधी नीट लिहा एवढंच म्हणणं आहे.

नाना (ए-५०२): दिलीप, ह्याच्याशी मी शंभर टक्के सहमत. मसुदा आजच टाकतो.