विजयदुर्गला रात्री नांगर कुठे टाकावा?

दर्यावेडा: फेब्रुवारीत २६ फुटी शिडाच्या बोटीने मुंबईहून गोव्याला निघतोय. जेट्टीचा गलबला नको, वाघोटन खाडीत निवांत कोपरा हवाय. साखळी ३० मीटर आहे. पुरेल?

खलाशीकाका: किल्ल्याच्या पूर्वेला आत ये. पश्चिमेकडून लगट करू नकोस, तिथे पाण्याखाली जुनी भिंत आहे. साखळीचा हिशेब भरतीच्या पाण्यावर कर बाबा. समज ओहोटीला ३ मीटर पाणी, वर उधाणाची भर अडीच, नाळेची (बोटीच्या पुढच्या टोकाची) पाण्यापासून उंची १. झाले साडेसहा. पाचपट सोडायची म्हटलं तरी साडेबत्तीस लागते. पुढे दोर जोड. आणि संध्याकाळी वायव्येचा वारा बघून निर्धास्त झोपू नकोस. रात्री मतलई (जमिनीवरून समुद्राकडे वाहणारा वारा) सुटली की बोटीचं तोंड पार फिरतं. चहूकडे तेवढी जागा हवी (निवांत कोपऱ्यात नेमकी तीच नसते!).

दर्यावेडा: दोर आहे, काका. दिवा लावायलाच हवा का? चांदणं असेल.

खाडीकर: चांदण्याचं काय घेऊन बसलात! पांढरा, चहूबाजूंनी दिसणारा दिवा रात्रभर हवाच. मच्छीमार पहाटे अंधारातच निघतात. आणि पोचा उजेडी, नाहीतर जाळ्यांचे बोये दिसायचे नाहीत.