लॅटिन मिस्सा आणि आपली मराठी मिस्सा, नक्की वाद कशाचा आहे?

वसईची_लेक:
नमस्कार मंडळी. मी मूळची वसईची, लग्नानंतर अमेरिकेत डॅलसच्या बाजूला असते. इथे ओळखीच्या एका कुटुंबामुळे आम्ही जुन्या लॅटिन मिस्सेला, म्हणजे आपल्या कॅथलिक चर्चमधल्या मुख्य उपासनेच्या जुन्या रूपाला, जायला लागलो. फादर वेदीकडे तोंड करून उभे, मधला मोठा भाग एकदम शांत, ग्रेगोरियन गायन, बायकांच्या डोक्यावर जाळीदार ओढणी, कम्युनियन (पवित्र भाकर) गुडघ्यावर बसून जिभेवरच. मला मनापासून आवडलं, लहान मुलं पण तिथे गप्प बसतात. पण मिस्सेनंतर कॉफीला थांबलं की काहीजण बोलतात की १९६९ नंतरची मिस्सा म्हणजे पाणी घातलेली, त्यात पावित्र्य राहिलं नाही. हे ऐकून पोटात तुटतं हो, माझी आई जन्मभर मराठी मिस्सेला गेली, माझा पहिला कम्युनियन मराठीत झाला. आणि घरी फोन केला की काका म्हणतात पोप फ्रान्सिसनी लॅटिनवर बंदी घातलीय, तू जातेसच कशी. नक्की काय ते कोणी नीट सांगेल का?

निर्मळकर:
ताई, आधी एक गाठ सोडवू. भाषा वेगळी आणि विधी वेगळा. नव्या विधीचं मूळ पुस्तकच लॅटिनमध्ये आहे, उद्या एखाद्या फादरांनी नवीन मिस्सा पूर्ण लॅटिनमध्ये, वेदीकडे तोंड करून केली तरी ती नवीनच. तुम्ही जाता तो जुना विधी, म्हणजे सोळाव्या शतकातल्या ट्रेंटच्या चर्च परिषदेनंतर पोप पायस पाचवे यांनी १५७० ला जे मिस्सापुस्तक सगळीकडे लागू केलं ते, आणि त्याची शेवटची आवृत्ती १९६२ ची. पोप पॉल सहावे यांनी १९६९ ला नवीन विधी आणला त्यात भाषेशिवाय पण बरंच बदललं. सुरुवातीच्या वेदीच्या पायथ्याच्या प्रार्थना गेल्या, अर्पणाच्या प्रार्थना बदलल्या, एकाच कॅननच्या, म्हणजे मिस्सेच्या मधल्या मुख्य प्रार्थनेच्या, जागी चार प्रार्थना आल्या. जुन्या मंडळींचा खरा राग अर्पणाच्या प्रार्थनांवर आहे, त्यांना वाटतं बलिदान मागे पडलं आणि भोजन पुढे आलं. कार्डिनल ओत्ताव्हियानी यांनी त्याच वर्षी पोपना तसं लेखी कळवलं होतं, म्हणजे ही कॉफीवरची नुसती कुजबुज नाही. पण पोपनी विचार करूनच विधी कायम ठेवला, आणि ती मिस्सा पूर्णपणे खरी मिस्सा आहे, यात कॅथलिक माणसाने शंका घेऊच नये. तुझ्या आईच्या मिस्सेत काडीचंही कमी नव्हतं.

जुना_गायक:
मी लहानपणी ऑल्टर बॉय, म्हणजे वेदीवर फादरांना मदत करणारा मुलगा, होतो, लॅटिन उत्तरं तोंडपाठ होती, एत कुम स्पिरितू तुओ वगैरे, अर्थ विचाराल तर शून्य. मागे बायका मिस्साभर जपमाळ म्हणायच्या, घंटा वाजली की मान वर. त्यांची श्रद्धा कमी होती असं मी मेलो तरी म्हणणार नाही, आमच्यापेक्षा दसपट होती. पण शुभवर्तमान आपल्या भाषेत कानावर पडायला लागलं तेव्हा म्हातारी माणसं घरी जाऊन त्यावर बोलायला लागली हे मी डोळ्यांनी बघितलंय. अजून एक, जुन्या विधीत रविवारी बायबलमधलं एक पत्र आणि एक शुभवर्तमान, आणि दरवर्षी तेच. नवीनमध्ये रविवारी तीन वाचनं, स्तोत्र वेगळं, आणि चक्र तीन वर्षांचं. जुना करार आमच्या लोकांना खरा कळला तो त्यामुळे. आणि आपल्या भाषेची ओढ काही १९६९ ची नाही, फादर स्टीफन्सचं ख्रिस्तपुराण १६१६ ला गोव्यात छापलं गेलं, वेदीवर लॅटिन चालायचं पण लोकांना कथा मराठीतच पाहिजे होती.

बांद्रा_टू_बोरिवली:
अंकल तुमचा मान राखून बोलतो, पण दुसरी बाजू पण घ्या. नवीन विधी ज्यातून आला त्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेचं १९६३ चं उपासनेवरचं कागदपत्र कोणी वाचतच नाही. त्यात लिहिलंय लॅटिन जपावी, ग्रेगोरियन गायनाला पहिलं स्थान द्यावं, आणि वेदी फिरवायचं तर त्यात एक अक्षर नाही. मग आमच्या पिढीच्या वाट्याला काय आलं, कीबोर्ड, टाळ्या, आणि कम्युनियन घेऊन येताना मागच्यांशी गप्पा. मी पंचविशीतला आहे, मला माझ्या आजोबांच्या प्रार्थना ऐकायच्या होत्या तर त्यात पोपविरोध कुठून आला? शांततेत मला देव जवळ वाटतो, बस.

कल्याण_सिरो:
आम्ही सिरो मलबार, म्हणजे केरळचे पूर्वेकडच्या विधीचे कॅथलिक, आमची मिस्सा मुळात रोमन नाहीच, तरी वाद घरात शिरलाच. फादरांनी लोकांकडे तोंड करायचं की वेदीकडे यावर केरळमध्ये काय झालं ते सगळ्यांनी बघितलं, २०२१ ला सिनॉडने (आमच्या बिशपांच्या सभेने) अर्धी अशी अर्धी तशी ठरवलं तरी एर्नाकुलममध्ये वर्षानुवर्षं भांडण. म्हणून सांगतो, दिशेवरून एकमेकांच्या विश्वासाला हात घालू नका, जखम लवकर भरत नाही. उलट लॅटिन चर्चला, म्हणजे तुमच्या रोमन विधीवाल्यांना, भारतात १९६९ ला बारा मुद्द्यांची परवानगी मिळाली, आरती, समई, हात जोडून नमन, जमिनीवर बसणं. समईच्या उजेडातली ती मिस्सा बघितली की तिला कोणी पातळ म्हणणार नाही.

वसईची_लेक:
सगळ्यांचे आभार. बांद्रावाल्या दादाचं पटलं आणि अंकलचं पण पटलं. पण बंदीचं काय? काकांना काय सांगू?

निर्मळकर:
बंदी हा शब्द जरा जास्त होतो. पोप बेनेडिक्ट यांनी २००७ ला कुठल्याही फादरांना जुना विधी करायची मोकळीक दिली होती, पोप फ्रान्सिसनी जुलै २०२१ ला ती काढली. आता बिशपची परवानगी लागते, पॅरिश चर्चमध्ये साधारणपणे करता येत नाही, वाचनं लोकांच्या भाषेत करायची. कारण त्यांनी सरळ लिहिलं होतं, या मोकळिकीचा वापर व्हॅटिकन परिषदेलाच नाकारायला होतोय. मला स्वतःला तो निर्णय फार कडक वाटला, चांगल्या साध्या कुटुंबांना त्याचा त्रास झाला, पण कारण खोटं नव्हतं, तुझ्या कॉफीच्या टेबलावर तेच चाललंय ना. आता तू एवढंच विचार की ते चर्च कोणाचं. संत पेत्राच्या बंधुसंघाचं (FSSP) असेल, तो १९८८ पासून रोमशी एकरूप आहे आणि २०२२ ला पोप फ्रान्सिसनीच त्यांना १९६२ ची पुस्तकं वापरायला लेखी परवानगी दिली, तर बिनधास्त जा. पायस दहावे यांच्या नावाचा संघ (SSPX) असेल, आर्चबिशप लफेव्ह्र यांनी काढलेला, तर गोष्ट वेगळी, लफेव्ह्र यांनी १९८८ ला पोपच्या परवानगीशिवाय चार बिशप अभिषिक्त केले आणि तो तिढा अजून सुटलेला नाही, तिथे जायच्या आधी तुझ्या डायोसिसच्या (बिशपच्या) ऑफिसला फोन कर. चर्चच्या वेबसाइटवर फादरांच्या नावापुढे संघाची अक्षरं लिहिलेली असतात, त्यावरून लगेच कळेल.