आडनाव एक म्हणून भावकी एक कशी काय?

कृष्णाकाठचा_गडी:
हल्ली आपल्याकडं आडनावावरून व्हॉट्सॲप ग्रुप काढायचं खूळ आलंय. कराडचा असो, वाळव्याचा असो नायतर खटावचा, आडनाव जुळलं की घे आत, आणि चार दिवसांत कुणीतरी एक्सेलमधी वंशावळ करून टाकतो ज्यात आपण सगळे एकाच मूळपुरुषाची लेकरं. मोहिते दिसला की थेट तळबीड आणि शिवाजी महाराजांचे सरनोबत हंबीरराव, मधल्या साडेतीनशे वर्षांत कोण जन्मलं कोण मेलं त्याचा पत्ता नाय. पाटलांचं तर विचारूच नका. पाटीलकी हे वतन होतं, गावोगाव वेगळं. आपल्या सांगली जिल्ह्यात मराठा पाटील, जैन पाटील, लिंगायत पाटील, मुस्लिम पाटील एकाच एसटीत बसलेले सापडतील. १९६२ च्या कायद्यानं पाटीलकी गेली, आडनाव तेवढं राहिलं. ह्यांची वंशावळ एक कशी लावणार?

आणि उलटंही आहे की. जत संस्थानचे डफळे हे डफळापूर गावावरून डफळे, मूळचे चव्हाण. फलटणचे निंबाळकर मूळचे पवार सांगतात. माझं म्हणणं सरळ आहे, एकमेकांचं सुतक लागत नसंल आणि फेरफार, म्हणजे जमीन कुणाकडनं कुणाकडं गेली त्याची तलाठ्याकडची नोंद, जुळत नसंल तर भावकी म्हणू नका. आडनावबंधू म्हणा, चहा प्या, विषय संपला.

माणदेशी_मुलूख:
दादा, तुमचा कागद जमीनवाल्यांचा. ज्याला गुंठाभर रान नव्हतं त्याचं नाव फेरफाराला येणार कुठनं? दुष्काळात माणूस माण-आटपाडी सोडून निघाला की निघाला. खानापूर-विट्याकडची गलाईवाली माणसं बघा, सोनं-चांदी गाळायच्या धंद्यापायी पार तमिळनाडूपासून बंगालपर्यंत गेलीत, तिथं दुकानं झाली, पोरं तिथल्या शाळंत शिकली, त्यांच्या नातवाला आपलं गाव कुठलं हे शोधायचं असंल तर त्यानं पहिलं काय धरायचं? आडनावच ना! ग्रुपवर विचारलं, कुणीतरी म्हणलं आमचा सिद्धनाथ खरसुंडीचा, ह्याचाही तोच, देवक, म्हणजे लग्नात पुजायचं कुळाचं झाड-पान, ते पण जुळलं, झालं की काम. सुरुवात आडनावापासनंच हुती.
सुतकाचं तर बोलूच नका. बांधावरनं भांडण झालं की सख्ख्या चुलत्यांचं सुतक तोडणारी घरं दाखवू का?

कृष्णाकाठचा_गडी:
सुरुवात करा की, कोण नाय म्हणतंय. सुरुवातीलाच शेवट करताय ते खटकतंय. आणि एक देवक, एक सिद्धनाथ म्हणजे रक्त एक असंही नाय. पंचपल्लव, म्हणजे पाच झाडांची पानं, हे देवक असलेली आडनावं मोजायला बसा, रात्र जाईल. खरसुंडीला सासनकाठ्या घेऊन येणारे सगळे काय चुलतभाऊ? हां, देवक वेगळं निघालं तर मात्र लई उपयोगी, एक आडनाव असून सोयरीक होते ती त्यामुळंच.

मिरजेहून:
आमच्याकडचं सांगतो. कोकणस्थांचे कुलवृत्तांत छापलेले आहेत, त्यात एका आडनावाची पण वेगवेगळी घराणी वेगळी मांडलेली असतात, दुवा लागला नाही तर नाही म्हणून तसंच सोडून देतात. जोश्यांची तर गोत्रंच अनेक. ही शिस्त एक्सेलवाल्यांनी घ्यावी.

लेक_शिराळ्याची:
सगळे पुरुष पुरुषांच्याच ओळी मोजताय. तुमच्या त्या वंशावळीत एक तरी पोरगी आहे का? फेरफाराच्या बाजूनं मी बोलते पण कारण वेगळं. माझ्या वडलांच्या चुलत्याचा १९६० नंतरचा वारस फेरफार काढला तेव्हा त्यात लिहिलेलं, अमुक मयत झाले, वारस मुलगे दोन, पैकी धाकटा अज्ञान म्हणजे वयानं लहान, अ.पा.क. म्हणजे अज्ञान पालनकर्ता आई, आणि खाली मुलींची नावं सासरच्या नावासकट. वरच्या पिढीत सगळं थोरल्याच्या नावावर, पुढं ए.कु.मॅ. (एकत्र कुटुंब मॅनेजर) लिहिलेलं, म्हणजे बाकीचे भाऊ गायबच. १९५६ च्या वारसा कायद्यानंतर मुली कागदावर दिसायला लागल्या. पुढं काही वर्षांनी हक्कसोडपत्र, त्यात त्याच आत्यांचे अंगठे. घरात एकालाही त्यातली एक आत्या माहीत नव्हती, तिकडं पलूसला तिची चार घरं आहेत! आडनाव वेगळं त्यामुळं तुमच्या ग्रुपात त्यांना एंट्री नाही, आणि रक्ताचं नातं मात्र पक्कं.

माणदेशी_मुलूख:
ताई हे एक नंबर बोलला.

पिंपोड्याचा_इंजिनीयर:
एवढी डोकेफोड कशाला, वाय क्रोमोसोमची टेस्ट करा दोघांची. बापाकडनं पोराकडं जवळजवळ आहे तसा उतरतो, जुळला तर जुळला. बाकी देवक-बिवक सोडा.

कृष्णाकाठचा_गडी:
भाऊ, सातारकर असून दत्तक विसरलात? १८४८ ला दत्तक नामंजूर करूनच इंग्रजांनी आपलं राज्य खालसा केलं. घरोघरी दत्तक झालेत, भाच्याला घेतलं, मेव्हण्याच्या पोराला घेतलं. त्याची टेस्ट जुळणार नाय, पण वतन त्यानं खाल्लं, सुतक त्यानं पाळलं, पिंड त्यानं दिला. तो भावकीत नाय म्हणणार का? आणि जुळला तरी पूर्वज सात पिढ्यांमागं का सत्तर, हे टेस्ट नुसता अंदाजानं सांगते.

पिंपोड्याचा_इंजिनीयर:
मग भावकी म्हणजे रक्त का वतन, आधी ते ठरवा. मघाशी तुम्हीच देवक एक म्हणून रक्त एक नाय म्हणत होता 😄

कृष्णाकाठचा_गडी:
दोन्ही. कुठल्या कामासाठी विचारताय त्यावर आहे. लग्नासाठी सपिंड, म्हणजे लग्नाला चालत नाय असं जवळचं नातं, बघायचं तर कायद्यानं बापाकडनं पाच पिढ्या, आईकडनं तीन, तिथं रक्त. जमिनीत हिस्सा मागायचा तर कागद. नुसता अभिमान पायजे असंल तर व्हॉट्सॲप पुरं.

तहसीलला_चकरा:
ह्यात गंमत वाटतीय लोकांना, पण २०२३ पासनं कुणबी नोंदी शोधायची घाई झाली तेव्हा काय काय बघितलं ते सांगतो. गाव नमुना १४ म्हणजे जन्म-मृत्यूची नोंदवही, मोडीतली कडईपत्रकं म्हणजे जुने महसुली कागद, शाळेचं जनरल रजिस्टर, सगळं उलटंपालटं केलं लोकांनी. एकाला नोंद सापडली की त्याच आडनावाचे दहाजण दारात, आमच्या आज्ज्याचं नाव तुमच्या पणज्याखाली घाला म्हणून. जात पडताळणीला वडलांकडच्या रक्तनात्यातल्याची व्हॅलिडिटी, म्हणजे जात खरी असल्याचं प्रमाणपत्र, चालते, मग नातं पायजेच ना. ॲफिडेव्हिट करताना हात थरथरत नाय कुणाचा. खोटं निघालं तर दाखला तर जातोच, वर गुन्हा. जुन्या नोंदीत निम्म्यांना आडनावच नाय, नुसतं "राणू बिन सटवा", म्हणजे सटवाचा मुलगा राणू. एका गावात राणू चार असतात राव! मग गट नंबर, शेजारच्या बांधाचं नाव, भावाचं नाव असं करत करत माणूस पक्का करावा लागतो.

माणदेशी_मुलूख:
हेळव्याला विचारत जावा की. आमच्याकडं येतो, पूर्वी बैलावर यायचे आता मोटरसायकलवर, पिढ्या घडाघडा म्हणून दाखवतो, वहीत पण असतं. सरकारी कागदाच्या आधीचं त्याच्याकडं आहे.

तहसीलला_चकरा:
हेळवी चांगला, पण धान्य देणाऱ्याच्या घराण्यात शूर माणसं जरा जास्त निघतात 😄 त्याची नावं कागदाशी ताडून घ्या, दोन्हीत आलं ते खरं धरा.

माणदेशी_मुलूख:
बरं, ग्रुप काय मी बंद करत नाय. पण नवीन माणसाला आत घेताना मूळ गाव, देवक, कुलदैवत आणि पणज्याचं नाव विचारतो, आणि ताई म्हणतात तसं आत्यांची सासरची गावं पण. ज्याला पणज्याचं नाव येत नाय त्याला वंशावळीत जागा नाय, खाली वेगळ्या यादीत. चाललं का?

कृष्णाकाठचा_गडी:
चाललं. पण एक्सेलमधनं हंबीरराव आधी काढा.

माणदेशी_मुलूख:
ते ॲडमिनला सांगा, मी नाय काढणार 😂